वाडीतील पहिली दहा मिनिटे

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहून ज्याने एकदा सभोवार नजर टाकली असेल, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही की, जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या वाड्या आणि गल्ल्या फुटल्या आहेत, झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट आणि जरा पुढे गेले म्हणजे खोताची वाडी, त्यांतील जुनी घरे दगडविटांइतकीच लाकडाच्या आधाराने उभी आहेत. सागवानी खांब, कडीपाटाची तक्तपोशी, एकावेळी एकच माणूस नीट चढू शकेल असा लाकडी जिना, त्या जिन्याच्या पोटात कोंबलेले विजेचे मीटर, आणि पोटमाळ्यावर दोन-तीन पिढ्यांच्या गाद्या, ट्रंका, कागदपत्रे व दिवाळीचे कंदील, ही गिरगावातील सामान्य बिऱ्हाडाची मांडणी आहे. या मांडणीने पिढ्यानपिढ्या माणसे जगवली, लग्नेमुंजी पाहिल्या, आणि म्हणून तिच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञता आहे. परंतु अग्नीच्या दृष्टीने पाहिले तर ती रचून ठेवलेली समिधाच आहे, हेही तितकेच खरे.

अशा वाडीत आग लागली, कोणी १०१ क्रमांक फिरवला आणि वर्दी पोहोचताच बंब तत्काळ निघाला, तरी नाक्यावरची वाहतूक, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकली आणि खुद्द गल्लीची रुंदी यांतून वाट काढून पाण्याची पहिली धार जळत्या खोलीपर्यंत जाईपर्यंत काही मिनिटे जाणारच. आणि ती मिनिटे, जी पुढच्या सगळ्या अनर्थाचे माप ठरवतात, शेजाऱ्यांच्या हाती असतात. दुपारच्या वेळी कर्ती माणसे कचेऱ्यांत गेलेली असतात. घरी उरतात म्हातारी माणसे, लहान मुले आणि कॉलेजातून परतलेली वा परीक्षेसाठी घरी बसलेली तरुण मुले-मुली. तेव्हा प्रथम धावणार कोण, या प्रश्नाचे उत्तर वाडीने आधीच दिलेले आहे. ती मुले धावणारच. त्यांनी शिकून धावावे की न शिकता, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो, आणि तो निर्णय आपण फार काळ लांबणीवर टाकला आहे, असे मला मनापासून वाटते.

गिरगावच्या वाढीशीच एका मोठ्या आगीचा संबंध आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, जोनाथन डंकन हे मुंबईचे गव्हर्नर असताना, किल्ल्यातील बाजारात आग लागली आणि दाट लाकडी घरांतून ती अशी पसरली की किल्ल्यातील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. त्या काळी शहराला अग्निशमनाचे दल नव्हते. सैनिक, खलाशी आणि रयत मिळून जे करता येईल ते करीत होते, आणि अखेर आग दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जाऊ नये म्हणून मधली घरे तोफा डागून पाडण्याची वेळ सरकारवर आली. या अग्निप्रलयानंतर एतद्देशीय लोकांची वस्ती तटाबाहेर मोकळ्या जागेत वसवण्याच्या हालचालींना जोर आला, आणि पुढील काळात काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या बाजूंना लोकसंख्येचा ओघ वाहिला. आगीपासून दूर जाण्यासाठी जी वस्ती तटाबाहेर सरकली, तीच शंभर वर्षांत पुन्हा तितकीच दाट आणि लाकडी झाली, ही या शहराच्या इतिहासातील मोठी खेदाची गोष्ट आहे.

अग्निशमनाची व्यवस्था प्रथम पोलिसांच्या अखत्यारीत, अर्धवेळ स्वरूपाची आणि घोड्यांनी ओढायच्या बंबांची होती; १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीविताचे व मालमत्तेचे रक्षण हे पालिकेचे कर्तव्य ठरले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांची जागा मोटारबंबांनी घेतली. इंग्रजी अमदानीत भायखळ्याला मुख्य ठाणे आणि ठिकठिकाणी बंबखाने, पगारी आणि पूर्णवेळ जवान, लष्करी धर्तीची शिस्त, असा या दलाचा घाट बसला. तोच आजवर चालू आहे. म्हणजे मुंबईत अग्निशमन ही आरंभापासून नोकरी आहे, हौशी वा स्वयंसेवी संस्था नाही.

तथापि या पगारी दलाच्या इतिहासातील सर्वांत दारुण दिवस असा होता की त्या दिवशी पगारी आणि बिनपगारी हा भेदच उरला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, शिवाय कापसाच्या हजारो गासड्या, तेल, लाकूड आणि सोन्याच्या लगडी, असा परस्परांशी मुळीच न जुळणारा माल भरलेला होता. दुपारी धूर दिसला. बंब आले, जवान जहाजावर चढले आणि खाली स्फोटके आहेत हे ठाऊक असताना तास-दोन तास पाण्याचा मारा करीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा, पहिल्याहून प्रचंड. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या एका दुपारी गेले. जळता कापूस आणि तापलेले लोखंड गोदीबाहेरच्या वस्तीवर कोसळले, मांडवीच्या बाजूला नव्या आगी लागल्या, शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले आणि हजारो बेघर झाले. आज देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो या ६६ जणांच्या स्मरणार्थ.

महायुद्धाचा तो काळ असल्याने हवाई हल्ल्यांच्या भीतीने शहरात नागरिकांची पथके आधीच उभारली गेली होती. गल्लोगल्लीचे वॉर्डन, वाळूच्या बादल्या, पायाने दाबून धरायचा आणि हाताने चालवायचा लहान पंप, काळोखात शिट्टीच्या इशाऱ्यावर करायच्या कवायती, हे सगळे त्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड संघटना स्थापन झाली ती नागरी सेवेच्या याच वातावरणात. आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांनंतर १९६८ साली नागरी संरक्षण अधिनियम संमत होऊन या स्वयंसेवी कार्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्या कायद्याखालच्या सेवांमध्ये अग्निशमन ही एक स्वतंत्र सेवा मानली आहे, आणि त्यात दाखल होण्यासाठी १८ वर्षे पूर्ण झालेली असणे व किमान प्राथमिक शिक्षण झालेले असणे, एवढीच माफक अट आहे. १९७१ च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद चिकटवून बसलेल्या मुंबईला या स्वयंसेवकांचा मोठा आधार होता. मग युद्धे दूर गेली, आणि ही सारी यंत्रणा सामान्य माणसाच्या स्मृतीतून पुसट होत गेली. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, तेव्हा क्रॉस मैदानात चाललेली प्रात्यक्षिके पाहून अनेक तरुणांना प्रथमच कळले की असे काही दल आपल्या शहरात आहे आणि आपल्यालाही त्यात जाता येते.

जायला हवे, असे मी म्हणतो; परंतु कशासाठी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे सांगितल्यावाचून तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. ठाकूरद्वारपासून हाकेच्या अंतरावर, काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीत, ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही इमारत पेटली. अग्निशमन दलाचे मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर, उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी स्वतः आत असताना इमारत ढासळली. राणे आणि देसाई त्याच दिवशी गेले. अमीन आणि नेसरीकर यांनी भाजलेल्या देहाने पुढे काही दिवस झुंज दिली, पण त्याच महिन्यात तेही गेले. ज्यांनी आयुष्यभर आगच वाचली, आग हाच ज्यांचा अभ्यास होता, अशा चार माणसांनाही एक जुनी इमारत ग्रासू शकते, हे गिरगावातील प्रत्येक उत्साही मुलाने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

इमारत कशी ढासळते, याचेही एक शास्त्र आहे. जाड सागवानी तुळई आपण समजतो तितक्या लवकर जळून जात नाही. तिच्या पृष्ठभागाचा कोळसा मिनिटाला सुमारे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या गतीने आत सरकतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ जपतो. दगा देतात ते सांधे, पातळ फळ्या आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी आधाराला घातलेले लोखंड. कारण पोलादाचे तपमान साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसपर्यंत चढले म्हणजे त्याची निम्म्याच्या आसपास शक्ती नाहीशी होते, आणि वरून पाहणाऱ्याला तो गर्डर जागच्या जागी शाबूत दिसत असतो. त्यातच आग विझवण्यासाठी ओतलेले पाणी गाद्या, कापड व मातीच्या भरावात मुरून मजल्यावरचा भार वाढवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, एवढा साधा हिशेब केला तरी तासभर चाललेल्या फवाऱ्याने जुन्या मजल्यावर काय ओझे पडत असेल याची कल्पना येईल. म्हणून शिकलेला स्वयंसेवक ज्वालांकडे जितके पाहतो तितकेच भिंतीच्या तड्यांकडे आणि वाकलेल्या तक्तपोशीकडे पाहतो, आणि शंका येताच माणसे मागे घेतो.

परदेशांत तरुणांना हे शिक्षण फार लवकर मिळते. जर्मनीत मोठ्या शहरांत पगारी दले असली तरी देशातील अग्निशामकांपैकी बहुसंख्य, सुमारे दहा लाख, हे स्वयंसेवक आहेत. दिवसा सुतार, शिक्षक वा कारकून, आणि भोंगा वाजला की अग्निशामक. गावोगावी या दलांच्या बालशाखा आहेत आणि त्यांत शाळकरी मुले गाठी बांधायला, होज पाइप उलगडायला, प्रथमोपचार करायला शिकतात. फ्रान्समध्ये सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने स्वयंसेवक अग्निशामक होता येते. चिलीमध्ये तर १८५१ साली वाल्पाराइसो बंदरात पहिले दल स्थापन झाल्यापासून आजतागायत साऱ्या देशाचे अग्निशमन विनावेतन सेवकच करतात. या देशांचे अनुकरण जसेच्या तसे करावे, असे माझे मत नाही. मुंबईसारख्या अफाट, उंच इमारतींच्या नगरीला पूर्णवेळ, सुसज्ज, पगारी दलच हवे, आणि स्वयंसेवक मिळतात म्हणून त्या दलाची भरती वा सामग्री कोणी तोकडी ठेवील तर तो अन्याय होईल. घ्यावी ती त्यांची क्रमबद्धता: बारा वर्षांच्या मुलाला पाईप गुंडाळायला द्यायचा, सोळा वर्षांच्याला कवायतीत उभे करायचे, आणि आगीसमोर प्रौढ, प्रशिक्षित माणसाखेरीज कोणालाही जाऊ द्यायचे नाही.

मग आपल्या वाडीतील अठरा-वीस वर्षांच्या मुलाने शिकायचे ते काय? पहिला पाठ निरीक्षणाचा. आग टिकते ती इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तिघांच्या संगतीवर. त्यांतील एकाला बाजूला काढता आले की ती मरते, आणि कोणाला बाजूला काढायचे हे काय जळते आहे त्यावर ठरते. लाकूड-कापडाला पाणी चालते. कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ते क्षणात वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगते आणि जळते तेल घरभर उडवते. तेथे गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवणे एवढेच काम असते. विजेच्या मीटरला आग लागली तर मुख्य खटका बंद होईपर्यंत पाण्याची बादली हातात घेणेही पाप. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तेव्हा वास आला तर दिव्याचे बटण चालू वा बंद काहीही न करता रेग्युलेटर फिरवायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि माणसे बाहेर काढायची. भिंतीवर टांगलेले लहान अग्निशामक यंत्र पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते; तेवढ्या अवधीत ज्वालेच्या शेंड्यावर नव्हे, बुडावर नेम धरावा लागतो, आणि पाठीशी बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी लागते. एक यंत्र रिते होऊनही आग हटली नाही, तर दार ओढून घेऊन निघायचे. बंद केलेले लाकडी दारसुद्धा आगीला काही मोलाची मिनिटे अडवून धरते, ही गोष्ट किती थोड्या लोकांना ठाऊक आहे!

दुसरा पाठ धुराचा, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा. आगीत माणसे भाजून मरतात त्याहून अधिक धुराने गुदमरून मरतात. परळच्या हिंदमाता परिसरातील क्रिस्टल टॉवर या इमारतीला २२ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी आग लागली आणि चार जणांचा अंत झाला. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर दहा वर्षांची एक मुलगी होती. शाळेत शिकलेले आठवून तिने घरातल्यांना व शेजाऱ्यांना सुती कपडे फाडून, पाण्यात भिजवून नाकातोंडाशी धरायला लावले, घाबरलेल्यांना शांत केले, आणि अग्निशमन दल येईपर्यंत तो समूह टिकून राहिला. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओला कपडा धुरातील काजळी व कण बऱ्याच अंशी अडवतो, कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूला मात्र तो अडवू शकत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. म्हणून त्याच्या भरवशावर धुरात शिरायचे नसते, धुरातून सुटेपर्यंत तग धरायचा असतो, जमिनीलगत रांगायचे असते. त्या मुलीने नेमके तेच केले. ती आगीकडे गेली नाही, तिने पाणी मारले नाही, कोणाला खांद्यावर उचलले नाही. तिने ज्ञान वेळेवर वापरले आणि मोठ्या माणसांनी तिचे ऐकले. लहान वयातील अग्निसेवेचा याहून निर्मळ नमुना मला ठाऊक नाही.

गिरगावला स्वयंसेवक नव्याने घडवावे लागतील, असे मुळीच नाही. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून वाडीवाडीतले मंडळ ही तरुणांची शाळाच झाली आहे. अनंत चतुर्दशीला चौपाटीकडे लोटणाऱ्या लाखोंच्या गर्दीत दोरखंड धरून वाट राखणारा, चुकलेले मूल आईकडे पोहोचवणारा, भोवळ आलेल्या वृद्धेला सावलीत बसवणारा कार्यकर्ता हा गर्दीचे नियमन कोणत्याही पुस्तकाविना शिकलेला असतो. दहीहंडीचे थर रचणारी मुले एकमेकांचा भार, तोल आणि शब्द मानायला शिकलेली असतात. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या खोलीत एकटी मावशी राहते, गच्चीची किल्ली कोणाकडे असते, वाडीतली बुजवलेली वा झाकलेली विहीर नेमकी कोठे आहे, हे सगळे त्या मुलांना तोंडपाठ असते; आणि ही माहिती भायखळ्याहून येणाऱ्या अधिकाऱ्याला कितीही अनुभव असला तरी पहिल्या क्षणी असणे शक्य नसते. बंब गल्लीच्या तोंडाशी येताच पुढे होऊन, ‘साहेब, तिसऱ्या माळ्यावर मागच्या बाजूला दोन माणसं आहेत, जिना डावीकडे, गॅस बंद केला आहे, लाइट बंद केली आहे’ एवढे नेमके सांगणारा एक शांत मुलगा असणे, याचे मोल एका जादा पाण्याच्या टँकरइतके मानावे. त्याच वेळी दुसऱ्याने मोटारसायकली हलवलेल्या असाव्या, तिसऱ्याने बाहेर पडलेल्यांची शिरगणती केलेली असावी, आणि चौथ्याने, हे काम सर्वांत अवघड, राहिलेले दागिने आणायला परत जिना चढू पाहणाऱ्याचा हात घट्ट धरून ठेवलेला असावा.

ज्यांना रीतसर शिक्षण हवे आहे त्यांच्यासाठी वाटा आहेत. नागरी संरक्षण दलाचा उल्लेख वर आलाच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या नागरिकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. आग, पूर, इमारत कोसळणे, प्रथमोपचार असे विषय त्यात असतात, आणि मुंबईत महापालिकेने परळ येथील आपल्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेत हे वर्ग चालवले आहेत. अठराच्या आतील मुलांनी स्काउट-गाइड वा एनसीसीमध्ये जावे, प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पुरा करावा. आणि ज्यांना हे व्रत आयुष्यभरासाठी घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. त्याच नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली, जेथे तोवर एकही मुलगी शिकली नव्हती, त्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि त्या देशातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या गेल्या. आज मुंबईच्या दलातही स्त्रिया आहेत, आणि वाडीतल्या मुलीने हे क्षेत्र आपले नव्हे असे मानण्याचे काहीही कारण उरलेले नाही.

मंडळांनी आणि गृहसंस्थांनी आता जे करायचे ते खर्चाचे नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बसवणे बंधनकारक आहे, त्यांच्या मालकांनी वा भोगवटादारांनी दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत ती सुस्थितीत असल्याचा दाखला द्यायचा असतो. जुन्या चाळींचा मोठा भाग या कागदी व्यवस्थेच्या कडेलाच राहतो, म्हणून तेथे याच दोन महिन्यांत मंडळाच्या मुलांनी स्वतःहून फेरी काढावी. जिन्याखालची अडगळ हलवावी, मीटरच्या पेटीजवळचे जळाऊ सामान दूर करावे, आजारी व एकट्या माणसांची यादी नव्याने लिहून ती मंडळाच्या कपाटात आणि तीन-चार जबाबदार घरांत ठेवावी, गल्लीच्या तोंडाशी वाहने न लावण्याचा ठराव करून तो सणासुदीतही पाळावा. एप्रिलच्या सप्ताहात जवळच्या अग्निशमन केंद्राला लेखी विनंती करून वाडीतच प्रात्यक्षिक मागावे, आणि त्या दिवशी म्हाताऱ्यांना खुर्चीतून, चादरीतून खाली आणण्याचा सराव त्याच अरुंद जिन्यावर, त्याच वळणांवर करून पाहावा; कारण कोणत्या वळणावर खुर्ची अडते हे मैदानातल्या कवायतीत कळत नाही.